सिलिकॉन फोटोकॅथोडवर पृष्ठभाग-प्रक्रिया आणि हायड्रोजन: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सिलिकॉनच्या इलेक्ट्रोडवर पातळ थर चढवला, प्लॅटिनमचे कण बसवले, दिव्यासमोर धरला आणि करंट वाढला. इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. ही वाढ नेमकी कशामुळे झाली आणि तेवढा हायड्रोजन खरोखर निघाला का, असं विचारलं की मात्र गाडं अडतं. दिवा जरा जवळ सरकलेला असतो, इपॉक्सी गोंदाच्या कडेखालून प्रकाश शिरलेला असतो, किंवा समोरच्या प्लॅटिनमच्या तारेतलं प्लॅटिनम विरघळून मोजायच्या इलेक्ट्रोडवरच येऊन बसलेलं असतं. मग प्रक्रियेचा वाटा किती, हे सांगायला हाताशी काही उरत नाही. यातल्या बहुतेक चुका हातून होतात त्या कौशल्य कमी पडल्याने नाही, तर कामाचा क्रम उलटसुलट झाल्याने.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: पी-प्रकारच्या (होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या धन जागा, जास्त असलेल्या) सिलिकॉनचा फोटोकॅथोड, म्हणजे प्रकाश पडल्यावर हायड्रोजन तयार करणारा ऋण इलेक्ट्रोड, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर, त्यावर प्लॅटिनमचे कण, आणि इलेक्ट्रोलाइट म्हणून ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिड. दुसरा अर्धसंवाहक वापरत असाल तर रसायनं बदलतील. मोजमापाचे टप्पे जवळपास जसेच्या तसे लागू पडतील.

## सुरुवातीआधी: तुमचा इलेक्ट्रोड कुठे कमी पडतोय?

‘पृष्ठभाग सुधारायचा’ एवढं ठरवून काम सुरू करू नका. नुकसान तीन जागी होतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली जागा प्रकाशाची. पॉलिश केलेलं सपाट सिलिकॉन पाण्यात असतानाही दृश्य प्रकाशाचा जवळपास चौथा हिस्सा परतवतं. उपाय पोत देण्याचा, म्हणजे अल्कलीत एचिंग करून पृष्ठभागावर पिरॅमिड तयार करणं, किंवा परावर्तन रोखणारा थर चढवणं.

दुसरी जागा पृष्ठभागावरच्या दोषांची. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल तिथे पुन्हा एकत्र येतात आणि व्होल्टेज मिळायच्या आतच ऊर्जा उष्णतेत जाते. इथे पॅसिव्हेशनचा, म्हणजे दोष झाकून निष्क्रिय करणारा, थर उपयोगी पडतो.

तिसरी जागा अभिक्रियेच्या वेगाची. सिलिकॉन स्वतः हायड्रोजन तयार करायला फार मंद आहे. इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत येऊन ताटकळत राहतात. उत्प्रेरक हवा तो इथे.

दुसरी अडचण आहे की तिसरी, हे ओळखायला एक चांगली चाचणी आहे. इलेक्ट्रोलाइटमध्ये मिथाइल व्हायोलोजेन घालून त्याच इलेक्ट्रोडची वक्ररेषा, म्हणजे पोटेन्शियल बदलत नेताना करंट कसा बदलतो त्याचा आलेख, काढा. हे संयुग इलेक्ट्रॉन झटकन घेतं, त्यामुळे उत्प्रेरकाचा प्रश्नच बाजूला पडतो. त्याचं रेडॉक्स पोटेन्शियल प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे उणे ०.४५ व्होल्ट आहे. त्या बिंदूपासून पुढे किती व्होल्टेज मिळालं ते पाहा. इथे व्होल्टेज चांगलं आणि हायड्रोजनसाठी मात्र वाईट, तर उत्प्रेरक कमी पडतोय. दोन्हीकडे वाईट असेल तर आतला पृष्ठभाग दुरुस्त करा, कितीही प्लॅटिनम घातलं तरी उपयोग होणार नाही.

सावधान: मिथाइल व्हायोलोजेन म्हणजेच पॅराक्वॉट हे तणनाशक. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पावडर उडू देऊ नका, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. चाचणीसाठी वापरलेला इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या मोजमापासाठी पुन्हा घेऊ नका.

## १. वेफर, तुकडे आणि सोबती

बोरॉन घातलेला, (१००) दिशेचा, १ ते १० ओहम-सेंटिमीटर रोधकतेचा वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, घ्या. सगळे तुकडे एकाच वेफरचे हवेत, आणि अगदी कडेचे तुकडे बाजूला ठेवा. तुकडे कापून झाल्यावर मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने क्रमांक कोरा. मार्करची शाई पहिल्याच धुण्यात जाते.

आता गट पाडा. कोऱ्या सिलिकॉनचे किमान तीन, फक्त थराचे तीन, थर आणि प्लॅटिनमचे तीन. कोणता तुकडा कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दिसायला स्वच्छ तुकडे आपण नकळत आवडत्या गटात टाकतो.

कोऱ्या गटाबद्दल एक गोष्ट सतत विसरली जाते. थर चढवताना तुकडे १५० अंशांना निर्वातात तासभर राहतात. कोरे तुकडे तोवर डबीत पडून असतील तर तुलना थराची राहत नाही, ‘थर आणि शिवाय तापवणं’ विरुद्ध ‘काहीच नाही’ अशी होते. म्हणून कोऱ्या तुकड्यांनाही त्याच तापमानाला तेवढाच वेळ, प्रिकर्सर (थर ज्यापासून बनतो ते रसायन) न सोडता, ठेवा. सगळ्या पायऱ्या त्याच, फक्त तपासायची एक वगळून.

## २. सफाई

क्रम असा: ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, पाणी. मग अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचं १:१:५ मिश्रण, सुमारे ७५ अंश सेल्सिअसला १० मिनिटं. भरपूर पाण्याने धुऊन, हायड्रोक्लोरिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचं १:१:६ मिश्रण, पुन्हा तितकाच वेळ. पहिलं मिश्रण सेंद्रिय घाण आणि कण काढतं, दुसरं धातूंचे अंश. शेवटी १ ते २ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये एक-दोन मिनिटं बुडवून ऑक्साइड काढायचं, थोडक्यात धुवायचं आणि नायट्रोजनच्या झोताने वाळवायचं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड शेवटीच. आधी ऑक्साइड काढून मग पेरॉक्साइडच्या मिश्रणात टाकलं तर पेरॉक्साइड नवं ऑक्साइड तयार करतं आणि सगळी मेहनत वाया जाते. ही चूक इतक्या वेळा दिसते की क्रम लिहून फ्यूम हूडच्या काचेवर चिकटवून ठेवावा.

सावधान: हायड्रोफ्लोरिक ॲसिड पातळ असलं तरी घातक आहे. त्वचेवर पडल्यावर वेदना लगेच जाणवेलच असं नाही, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. एकट्याने काम करू नका. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी आणि मुदतीतलं असू द्या. भांडी पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनचीच घ्या, हे ॲसिड काच खातं. प्रशिक्षण झालं नसेल तर ही पायरी ज्यांचं झालं आहे त्यांच्याकडून करून घ्या. इथे घाईने काहीही साधत नाही. ॲसिटोनचा ओला तुकडा पेरॉक्साइडच्या मिश्रणात कधीच टाकू नका, मध्ये पाण्याने धुणं सक्तीचं.

तपासणी: तुकडा पाण्यातून उभा वर काढा. ऑक्साइड गेलेलं असेल तर पाणी पृष्ठभागावर थांबत नाही, आकसून खाली ओघळतं आणि तुकडा जवळजवळ कोरडाच बाहेर येतो. कुठे ओला पट्टा चिकटून राहिला तर तिथे ऑक्साइड शिल्लक आहे. पुन्हा बुडवा. ही तपासणी फुकट आहे आणि दहा सेकंदांत होते.

## ३. थर चढवणं

हायड्रोजनने झाकलेला सिलिकॉनचा पृष्ठभाग हवेत फार काळ टिकत नाही. सफाई आटोपली की तुकडे काही मिनिटांतच चेंबरमध्ये गेले पाहिजेत. आधी तुकडे साफ करून मग यंत्र गरम व्हायची वाट बघत बसू नका. आधी यंत्र तयार ठेवा, मग साफ करा.

ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने, म्हणजे दोन रसायनांची वाफ आळीपाळीने सोडून थर चक्राचक्राने वाढवण्याच्या पद्धतीने, टेट्राकिस डायमिथाइलअमिडो टायटॅनियम आणि पाणी वापरून १५० अंशांच्या आसपास दर चक्राला साधारण ०.०५ नॅनोमीटर थर बसतो, म्हणजे १०० चक्रांत ५ नॅनोमीटर. हा आकडा यंत्रानुसार बदलतो. म्हणून दरवेळी एक साक्षीदार तुकडा सोबत ठेवा आणि त्यावर एलिप्सोमीटरने जाडी मोजा. ‘१०० चक्रं’ ही जाडी नव्हे.

फोटोकॅथोडसाठी टायटॅनियम डायऑक्साइड का? त्याचा कंडक्शन बँड, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे फिरू शकतात ती ऊर्जापातळी, हायड्रोजनच्या पोटेन्शियलच्या जवळपास आहे, त्यामुळे सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन त्यातून फारशी खोट न येता पलीकडे जातात, आणि ॲसिडात तो टिकतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड दोष झाकण्यात उत्तम आहे, पण तो इन्सुलेटर आहे आणि या ॲसिडात विरघळतो. सर्वांत वर तो ठेवून चालत नाही.

जाड थर म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटून ५० नॅनोमीटर चढवणारे बरेच असतात. जाडी वाढली की थराचा रोध वाढू शकतो आणि परावर्तनही बदलतं. ५ ते १५ नॅनोमीटरमध्ये दोन-तीन जाड्या करून बघा. थर स्फटिकी व्हावा म्हणून हवेत जास्त तापमानाला भाजण्याचा मोहही आवरा. खाली सिलिकॉन आणि थर यांच्यामध्ये सिलिकॉन ऑक्साइड वाढतं आणि इलेक्ट्रॉनची वाट बंद होते.

## ४. मागची जोडणी, तार आणि इपॉक्सी

बिघडलेल्या निकालांचं मूळ या टप्प्यात सर्वांत जास्त वेळा सापडतं, आणि लिहिताना त्याला एक ओळ मिळते. इथे वेळ द्या.

जोडणी थर चढवल्यानंतरच करायची. आधी केली तर गॅलियम-इंडियम गरम चेंबरमध्ये पसरतं आणि पुढच्या सगळ्यांचे नमुने बिघडवतं, तर इपॉक्सी तिथे वायू सोडत राहते.

मागची बाजू हिऱ्याच्या टोकाने खरवडा, म्हणजे ऑक्साइड आणि मागे चढलेला थर फाटेल. लगेच गॅलियम-इंडियमचा युटेक्टिक (सामान्य तापमानाला द्रव राहणारं मिश्रधातू) कापसाच्या काडीने खरवडलेल्या भागावर चोळा. चांगलं बसलं की आरशासारखा पातळ लेप दिसतो. थेंब बनून पळत असेल तर खाली ऑक्साइड आहे, पुन्हा खरवडा. त्यावर सिल्व्हर पेस्टने तांब्याची तार चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या.

तपासणी: निदान एका तुकड्यावर मागे दोन वेगळे लेप लावून त्यांच्यामधला करंट-व्होल्टेज आलेख काढा. शून्यातून जाणारी सरळ रेषा मिळाली पाहिजे. वाकडी रेषा म्हणजे मागेच एक डायोड तयार झालाय. पुढे मोजलेल्या वक्ररेषेतला उतार त्याचा असेल आणि दोष तुम्ही थराला द्याल.

आता इपॉक्सी. तारेसकट तुकड्याची मागची बाजू आणि सगळ्या कडा झाका, समोर ०.२ ते ०.५ चौरस सेंटिमीटरची खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सी अपारदर्शकच घ्या. पारदर्शक इपॉक्सीखालच्या सिलिकॉनवरही प्रकाश पडतो, तिथले इलेक्ट्रॉन सरकत खिडकीपर्यंत येतात, आणि तुम्ही भागता मात्र फक्त खिडकीच्या क्षेत्रफळाने. लहान खिडकीत ही चूक फार मोठी होते, कारण कडेचा वाटा मोठा असतो. पारदर्शकच हाताशी असेल तर पुढे काळा मास्क लावा.

क्षेत्रफळ डोळ्याने ठरवू नका. इपॉक्सी पसरते, खिडकी कधीच नीट चौकोन राहत नाही. शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि इमेज-जे किंवा तत्सम सॉफ्टवेअरने क्षेत्रफळ मोजा. हे प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी वेगळं करायचं.

ओ-रिंगने दाबून बसवायचा सेल मिळाला तर तो अधिक चांगला. क्षेत्रफळ दरवेळी सारखं राहतं, इपॉक्सी वाळायची वाट पाहावी लागत नाही, आणि तुकडा काढून पुन्हा तपासता येतो.

## ५. सेल आणि दिवा

समोरचा इलेक्ट्रोड ग्रॅफाइटचा घ्या. हा सल्ला ऐकला न गेल्याने किती निकाल बाद करावे लागतात! प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजन निघत असताना ती ॲसिडात कणाकणाने विरघळते, ते आयन तरंगत कॅथोडवर येतात आणि तिथे धातू म्हणून जमतात. कोरा इलेक्ट्रोड ‘वापरता वापरता सुधारत गेला’ असं दिसलं की पहिला संशय यावरच घ्या. ग्रॅफाइटही झिजून द्रावण काळवंडवतो, म्हणून तो फ्रिट (सच्छिद्र काच) किंवा नॅफिऑनच्या (आयन जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या) पडद्याआड ठेवा. पडद्यामुळे ॲनोडवरचा ऑक्सिजनही कॅथोडकडे येत नाही.

रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या स्थिर पोटेन्शियलच्या तुलनेत बाकी मोजायचं तो, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा असेल तर दुहेरी जंक्शनचा घ्या. सल्फ्युरिक ॲसिडात मर्क्युरस सल्फेटचा अधिक साजेसा, क्लोराइड गळण्याचा प्रश्नच राहत नाही. पोटेन्शियल रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे आरएचईच्या, तुलनेत सांगा:

आरएचईच्या तुलनेत पोटेन्शियल = मोजलेलं पोटेन्शियल + रेफरन्सचा आकडा + ०.०५९ × पीएच

संपृक्त पोटॅशियम क्लोराइडच्या सिल्व्हर क्लोराइडसाठी रेफरन्सचा आकडा ०.१९७ व्होल्ट, संपृक्त पोटॅशियम सल्फेटच्या मर्क्युरस सल्फेटसाठी सुमारे ०.६४. आपल्या ॲसिडाचा पीएच ०.३ च्या आसपास, म्हणजे सिल्व्हर क्लोराइड वापरल्यास एकूण ०.२१५ व्होल्ट मिळवायचे.

तपासणी: सूत्रावर विसंबून राहू नका. त्याच ॲसिडात शुद्ध हायड्रोजनचे बुडबुडे सोडून स्वच्छ प्लॅटिनमच्या तारेचं पोटेन्शियल रेफरन्सविरुद्ध मोजा. तो तुमचा खरा शून्य. सूत्रापेक्षा १०-२० मिलिव्होल्टहून जास्त फरक असेल तर रेफरन्स बिघडलाय. ही तपासणी वेगळ्या भांड्यात करा, प्लॅटिनमची तार मुख्य सेलमध्ये आणू नका.

दिव्याबाबत तीन चुका नेहमीच्या आहेत.

एक: थर्मोपाइलवर दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट दिसले की सूर्यप्रकाश तयार झाला, असं मानणं. थर्मोपाइल फक्त एकूण शक्ती मोजतो. झेनॉन दिव्याच्या वर्णपटात ८०० ते १००० नॅनोमीटरमध्ये तीव्र रेषा असतात आणि सिलिकॉन नेमकं तिथे प्रकाश शोषतं. एएम १.५ जी (जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाचा प्रमाण वर्णपट) फिल्टर लावा आणि तीव्रता कॅलिब्रेट केलेल्या सिलिकॉनच्या रेफरन्स सेलने ठरवा.

दोन: रेफरन्स सेल भलत्याच जागी ठेवणं. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग जिथे असणार, नेमक्या तिथे तो धरा.

तीन: गोल बीकर. गोल काच आणि आतलं पाणी मिळून भिंग तयार होतं आणि प्रकाश इलेक्ट्रोडवर एकवटतो. सपाट क्वार्ट्झ खिडकीचाच सेल वापरा.

दिवा वीस-तीस मिनिटं आधी लावून स्थिर होऊ द्या. तेवढ्या वेळात द्रावणातून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून विरघळलेला ऑक्सिजन काढून टाका. तो राहिला तर त्याच्या क्षपणाचा (इलेक्ट्रॉन घेण्याचा) करंट हायड्रोजनच्या खात्यात जमा होतो.

## ६. उत्प्रेरकाआधीचं मोजमाप

थर असलेला इलेक्ट्रोड प्लॅटिनम बसवण्याआधी मोजायलाच हवा. प्लॅटिनम बसल्यावर मागे फिरता येत नाही, आणि ‘आधी’चा आकडा नसेल तर ‘नंतर’च्या आकड्याला अर्थ नाही.

आधी काहीही न लावता फक्त पोटेन्शियल पाहा, अंधारात आणि मग प्रकाशात. पी-प्रकारचा इलेक्ट्रोड प्रकाशात धन बाजूला सरकला पाहिजे. उलटा सरकला तर तारा तपासा, मागची जोडणी तपासा, वेफर खरंच पी-प्रकारचा आहे का तेही तपासा.

मग अंधारातली वक्ररेषा, सेकंदाला १० ते २० मिलिव्होल्ट वेगाने, धन बाजूकडून ऋण बाजूकडे. आरएचईच्या शून्याजवळ अंधारातला करंट मायक्रोअँपियरच्या घरातच राहिला पाहिजे. तिथे मिलिअँपियर दिसले तर इपॉक्सीखाली द्रावण शिरलंय आणि तांबं किंवा चांदी उघडी पडली आहे. तो इलेक्ट्रोड टाकून द्या. त्याला दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

त्यानंतर प्रकाश चालू-बंद करत वक्ररेषा, आणि शेवटी सलग प्रकाशात. चालू-बंद करताना प्रकाश पडताक्षणी करंट उसळून लगेच खाली बसत असेल, तर पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन साचताहेत किंवा वाया जाताहेत. ही उसळी प्लॅटिनमनंतर कमी झाली पाहिजे. तीन फेऱ्या घ्या आणि दोन लागोपाठ फेऱ्या जुळल्या तरच नोंद करा. उघड्या सिलिकॉनला उगाच धन पोटेन्शियलवर धरून ठेवू नका, ऑक्साइड वाढतं.

तपासणी, वरच्या मर्यादेची: एएम १.५ जी प्रकाशात, एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं तरी, सिलिकॉनकडून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ मिलिअँपियरच्या वर फोटोकरंट मिळू शकत नाही. पॉलिश केलेल्या सपाट पृष्ठभागाकडून परावर्तन वजा जाता ३० च्या आसपासची अपेक्षा धरा. सपाट इलेक्ट्रोड ४० दाखवत असेल तर आनंदाच्या आधी क्षेत्रफळ आणि दिवा पाहा. दुसऱ्या पदार्थांसाठीही असा आकडा आहे: हेमाटाइटसाठी साधारण १२.६, बिस्मथ व्हॅनाडेटसाठी ७.५, ॲनाटेज टायटॅनियम डायऑक्साइडसाठी जेमतेम १ च्या आसपास.

## ७. प्लॅटिनम बसवणं

सुमारे १ मिलिमोलर पोटॅशियम हेक्साक्लोरोप्लॅटिनेट असलेल्या द्रावणात, प्रकाशात, थोड्या ऋण पोटेन्शियलवर प्लॅटिनम बसवा. वेळ मोजू नका, विद्युतभार मोजा. दोन इलेक्ट्रोडवर एकाच वेळात वेगवेगळं प्लॅटिनम बसू शकतं, एकाच भारात फारसा फरक पडत नाही.

हिशोब सोपा आहे. प्लॅटिनमच्या एका आयनाला चार इलेक्ट्रॉन लागतात. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिकूलंब भार गेला तर जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम प्लॅटिनम बसतं. ते सलग पसरलं असतं तर जाडी अडीच नॅनोमीटरच्या आत भरली असती. प्रत्यक्षात ते सुट्या कणांच्या रूपात बसतं, आणि काही भार हायड्रोजन तयार करण्यातही जातो, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा. ५, १० आणि २० मिलिकूलंब असे तीन नमुने करा.

पृष्ठभाग राखाडी चकचकीत दिसू लागला की प्लॅटिनम जास्त झालं. ते प्रकाश अडवतं आणि परतवतं. शिवाय थरात छिद्रं असतील तर तिथे प्लॅटिनम थेट सिलिकॉनला भिडून व्होल्टेज खाली आणतं.

सावधान: प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की दम्यासारखा त्रास आयुष्यभर पाठ धरू शकतो. पावडर फ्यूम हूडमध्येच तोला.

इलेक्ट्रोड धुवा आणि मोजमापासाठी वेगळा सेल, ताजं ॲसिड घ्या. प्लॅटिनम बसवलेल्या सेलमध्ये कोरे इलेक्ट्रोड पुन्हा कधीच मोजायचे नाहीत. भिंतीला चिकटलेला अंशही पुरेसा होतो.

आता सहाव्या टप्प्यातलं सगळं मोजमाप तशाच क्रमाने पुन्हा करा आणि दोन वक्ररेषा एकावर एक ठेवा. वाचायचं ते असं. वक्ररेषा सबंध धन बाजूला सरकली आणि वरची सपाटी तीच राहिली, तर अभिक्रिया वेगवान झाली. हेच अपेक्षित आहे. साध्या पी-सिलिकॉनवर प्लॅटिनम असताना करंट आरएचईच्या धन बाजूला ०.३ व्होल्टच्या आसपास सुरू होणं चांगलं समजा. आत एन-प्लस (जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेला) थर असलेल्या सिलिकॉनवर ०.५ च्या पुढे जाता येतं. सपाटी खाली आली तर प्रकाश अडतोय. सपाटी वर गेली तर थांबा: प्लॅटिनमचे कण जास्तीचा प्रकाश आणत नाहीत, बहुधा दिवा किंवा बुडबुडे बदलले असतील. चढ आडवा झाला तर कुठेतरी रोध वाढलाय. द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती केली असेल तर दुरुस्तीआधीची वक्ररेषाही सोबत द्या.

बुडबुड्यांकडे डोळ्यांनी बघा. मोठे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून बसले की करंट हळूहळू उतरतो आणि एखादा सुटला की एकदम उसळतो. इलेक्ट्रोड उभा धरा आणि द्रावण ढवळत ठेवा. ढवळण्याचा वेग सगळ्या नमुन्यांना एकच.

## ८. वायू मोजा

करंट म्हणजे हायड्रोजन नव्हे. तो ऑक्सिजनच्या क्षपणातून येऊ शकतो, गंजण्यातून येऊ शकतो, थर स्वतः बदलण्यातूनही येऊ शकतो.

सेल हवाबंद करून आरएचईच्या ० व्होल्टला तासभर करंट धरा. ५ मिलिअँपियर तासभर वाहिला तर भार १८ कूलंब. त्याला २ आणि ९६,४८५ ने भागलं की ९३.३ मायक्रोमोल हायड्रोजन, म्हणजे २५ अंश आणि एका वातावरणाच्या दाबाला सुमारे २.२८ मिलिलिटर. मोजलेलं भागिले हे अपेक्षित, ती फॅराडे कार्यक्षमता.

गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) थर्मल कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णतावहनावर चालणारा, डिटेक्टर असेल तर वाहक वायू आर्गॉन किंवा नायट्रोजन घ्या. हीलियमची उष्णतावहनाची क्षमता हायड्रोजनच्या फार जवळ असल्याने हीलियममध्ये हायड्रोजनचा सिग्नल जवळपास हरवतो. पाण्यावर वायू गोळा करून घनफळ मोजत असाल तर त्यातली वाफ वजा करा, २५ अंशांना ती सुमारे ३ टक्के भरते.

तपासणी: आपल्या इलेक्ट्रोडच्या आधी, तशाच दुसऱ्या हवाबंद सेलमध्ये, प्लॅटिनमच्या तारेवर अंधारात तेवढाच करंट सोडा. तिथे ९५ ते १०० टक्के मिळालं पाहिजे. ८० मिळालं तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत सिलिकॉनच्या आकड्यांना हात लावू नका. ११० मिळालं तर कॅलिब्रेशन चुकलंय.

सावधान: हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तीर्ण पट्ट्यात पेट घेतो. बाहेर सोडायची नळी फ्यूम हूडमध्ये न्या आणि दोन्ही बाजूंचे वायू एकत्र येऊ देऊ नका.

कार्यक्षमता सांगताना शब्द जपून वापरा. तीन इलेक्ट्रोडच्या मोजमापातून मिळते ती अर्ध्या सेलची कार्यक्षमता: करंट गुणिले आरएचईच्या तुलनेतलं पोटेन्शियल, भागिले प्रकाशाची शक्ती. दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिअँपियर ०.२५ व्होल्टला मिळाले, तर १०० मिलिवॉटवर ५ टक्के. याला सूर्यप्रकाशापासून हायड्रोजनची कार्यक्षमता म्हणता येत नाही. त्यासाठी दोनच इलेक्ट्रोड हवेत आणि बाहेरून शून्य व्होल्टेज हवं. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात आणि एकट्या सिलिकॉनच्या जोडणीतून तेवढे मिळत नाहीत.

## ९. टिकाऊपणा

निदान २४ तास सलग चालवा. आधी आणि नंतर रेफरन्स सेलने दिवा मोजा, नाहीतर दिव्याची उतरण इलेक्ट्रोडच्या नावावर लागेल. अधूनमधून पूर्ण वक्ररेषा घ्या, नुसत्या करंटच्या आलेखातून बिघाडाचं कारण कळत नाही.

करंट उतरल्यावर कारण शोधायची सोपी रीत: आधी ताजं ॲसिड भरून बघा. फरक पडला तर द्रावण दूषित होतं. नाही पडला तर पहिल्याइतकंच प्लॅटिनम पुन्हा बसवा. वक्ररेषा मूळ जागी आली तर कण सुटून गेले होते, थर शाबूत आहे. तरीही नाही आली तर थराखाली सिलिकॉन ऑक्साइड वाढलंय. तिथे उत्प्रेरक बदलून काही होणार नाही, तिसऱ्या टप्प्यावर परत जावं लागेल.

सलग प्रकाशात टिकलेला इलेक्ट्रोड दिवस-रात्रीच्या चक्रात मात्र कोसळू शकतो. प्रकाश असताना पृष्ठभागावर सतत इलेक्ट्रॉन येत राहतात आणि सिलिकॉनचं ऑक्सिडेशन रोखतात. अंधारात तो आधार जातो, आणि थरात जिथे छिद्रं असतात तिथे ॲसिड थेट सिलिकॉनपर्यंत पोचतं. म्हणून दुसऱ्या संचावर काही तास प्रकाश, काही तास अंधार अशी चाचणी वेगळी घ्या. अंधारात पोटेन्शियोस्टॅट (इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल धरून ठेवणारं यंत्र) जोडलेला होता की सेल उघडा ठेवला होता, हेही नोंदवा, कारण दोन्हींचे निकाल वेगळे येतात. नोंदवहीत प्रत्येक इलेक्ट्रोडच्या क्रमांकापुढे क्षेत्रफळाचा फोटो, साक्षीदार तुकड्याची जाडी, बसवलेला भार, रेफरन्सचा तपासलेला शून्य आणि दिव्याचे आधीचे-नंतरचे आकडे असू द्या. तिन्ही तुकड्यांचे निकाल द्या, सर्वांत चांगल्या एकाचा नको.